रेघेच्या वरचं रक्त

कुठं जखम नव्हती, कुठं खरचटलं नव्हतं, दुपट्यावर एक थेंब सांडलेला नव्हता. आणि तरीही त्या एवढ्याशा बाळाच्या अंगातलं रक्त रोज थोडं थोडं कमी होत होतं. मग ते जात होतं तरी कुठं?

भल्याभल्यांनी डोकं खाजवावं असं हे कोडं. ते येऊन पडलं पाचवीत शिकणाऱ्या जुईली बाबरच्या पुढ्यात, कारण ते बाळ तिचा भाऊ होता.

हा भाऊ मोठा उतावळा. आईच्या पोटात नऊ महिने सुखानं राहायचं सोडून साहेब साडेसहा महिन्यांतच बाहेर हजर झाले. वजन किलोभरसुद्धा नाही. तळपाय जुईलीच्या अंगठ्याएवढा, आणि कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजून घ्याव्यात. विट्याजवळच्या त्यांच्या गावातून आईला विजेवरच्या रुग्णवाहिकेनं थेट शहरातल्या नवजात केंद्रात आणलं होतं आणि जन्मल्यापासून बाळाचा मुक्काम इन्क्युबेटरमध्ये (पोटातल्यासारखी ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत) होता. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे जुईलीही पप्पांबरोबर तिथंच तळ ठोकून होती. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी तिचा हिरमोड झाला होता. खेळायला भाऊ मागितला आणि मिळाला हा एवढासा! पण दुसऱ्या दिवशी त्या एवढ्याशानं नाकातली नळी मुठीत धरून अशी काही ओढली, की जुईलीचा ऊर अभिमानानं भरून आला.

"पप्पा, चिवट आहे हां आपला बाबू," ती म्हणाली.

पेटीशेजारी कायम उभा असे टिपणीस. टिपणीस म्हणजे माणूस नव्हे, रक्ताचे नमुने घेणारा यंत्रमानव. त्याचं कारखान्यातलं नाव लांबलचक आकड्यांचं होतं. थेंब टिपतो म्हणून सिस्टरांनी त्याला टिपणीस म्हणायला सुरुवात केली आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला. त्याला मराठी शिकवताना कुणीतरी जुनी सरकारी पत्रं वाचायला दिली असावीत, कारण तो बोलायचा थेट कचेरीतल्या कारकुनासारखा. पण हात काय हलका! केसासारख्या बारीक सुईनं बाळाच्या टाचेला असा अलगद टोचे, की बाळ झोपेतून उठतही नसे. जुईलीला तो फार आवडायचा.

एक दिवस सकाळी केंद्राच्या प्रमुख डॉ. फरीदा मुजावर पेटीजवळ आल्या. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल ही त्यांची खूण. ती पेन्सिल काढून त्या नुसतीच हातात फिरवू लागल्या, तेव्हाच जुईलीनं ओळखलं, की काहीतरी बिनसलंय.

"हिमोग्लोबिन पुन्हा उतरलंय," त्या आई-पप्पांना म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात एकदा रक्त चढवलं, तरीही. हे असंच चाललं तर पुन्हा चढवावं लागेल."

आई नुसती बाळाकडे बघत राहिली.

"माझं घ्या की डॉक्टर," पप्पा बाही वर सारत म्हणाले. "लागंल तेवढं घ्या. मी काय एवढ्यानं वाळत न्हाई."

"वेळ आली तर रक्तपेढीत याच्यासाठी रक्त तयार आहे, त्याची काळजी करू नका," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त चढवणं वाईट नाही. त्यानंच आजवर कितीतरी बाळं वाचलीत. पण एवढ्याशा जिवात दुसऱ्याचं रक्त घालायचं म्हणजे हृदयावर, फुप्फुसांवर भार येतो. शिवाय आयतं मिळालं, की त्याच्या अंगातला रक्ताचा कारखाना पाय पसरून झोपतो. म्हणून गरज असेल तेव्हाच द्यायचं, आणि ती गरजच कमी कशी पडेल ते बघायचं."

"पण डॉक्टर," जुईली मध्येच म्हणाली, "ते जातंय कुठं?"

पप्पांनी तिला डोळ्यांनी दटावलं. डॉक्टरांनी मात्र पेन्सिल थांबवली. "आम्हीही तेच विचारतोय, बेटा. चल, जेवढं मला ठाऊक आहे तेवढं तुला सांगते. उरलेलं मिळून शोधू."

त्यांनी खिशातला मेणाचा खडू काढून खोलीच्या काचेवर एक गोल काढला. "ही तांबडी पेशी. हिच्या पोटात असतं हिमोग्लोबिन (प्राणवायू धरून ठेवणारं लाल द्रव्य). म्हणजे ही पेशी झाली हमाल. फुप्फुसातून प्राणवायूचं पोतं उचलायचं आणि अंगभर पोचवायचं. हमाल कमी पडले, की बाळ थकतं, दूध पचवत नाही, वजन वाढत नाही, कधी कधी तर श्वास घ्यायचंच विसरतं. हमालांच्या या टंचाईला म्हणतात रक्तक्षय. सगळे ॲनिमिया म्हणतात ना, तोच."

"मग नवे हमाल भरायचे!"

"भरती सतत चालूच असते. मोठ्या माणसाचा हमाल तीन-चार महिने राबतो आणि मोडतो, लगेच त्याच्या जागी नवा येतो. याचे हमाल त्याच्या निम्मेही टिकत नाहीत. नवे तयार होतात अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मऊ गरात). त्याला कच्चा माल लागतो लोह. आई बाळाला लोहाची शिदोरी बांधून देते ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. आणि आपले साहेब तर शिदोरी न घेताच गाडीत बसले."

आईला एवढ्या काळजीतही हसू आलं.

"आता तिसरी गोष्ट. हमाल वाढवा, असा निरोप कारखान्याला कुणीतरी धाडावा लागतो. तो निरोप म्हणजे एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक (एका अवयवाचा हुकूम रक्तातून दुसऱ्याकडे नेणारं रसायन). मोठ्या माणसात हा हुकूम मूत्रपिंडं सोडतात. पोटातल्या बाळात ते काम यकृताकडे असतं, आणि यकृत पडलं सुस्त. प्राणवायू बराच कमी पडल्याशिवाय ते हलत नाही. पोटात आई सगळं पुरवत असते, म्हणून त्याचं चालून जातं. बाहेर आल्यावर मात्र फजिती होते."

जुईलीनं बोटं मुडपली. "हमाल लवकर मोडतात, शिदोरी नाही, आणि निरोपही जात नाही."

"शाबास! पण हे तिन्ही धरूनसुद्धा एवढ्या वेगानं उतरायला नको होतं." डॉक्टरांनी पेन्सिल पुन्हा अंबाड्यात खोचली. "कुठंतरी चौथं भोक आहे आणि ते मला दिसत नाही."

तेव्हापासून जुईलीनं पेटीसमोरची जागा सोडली नाही. बाळाची दुपटी बघितली, नळ्या बघितल्या. काही सापडेना. दुपारी टिपणीस नमुना घ्यायला वाकला. त्याच्या बोटांत इवलीशी नळी, नळीवर काळी रेघ. टाचेतून आलेलं रक्त नळीत चढत गेलं, रेघेला टेकलं, आणि थांबलं नाही. रेघेच्या वर चांगलं चढल्यावरच टिपणीसनं टोपण लावलं.

दुसरं कुणी असतं तर त्याच्या ते ध्यानातही आलं नसतं. पण जुईली दुधाच्या घरातली. तिच्या पप्पांचं गावात दूध संकलन केंद्र होतं. सकाळी माणसं किटल्या घेऊन यायची आणि फॅट बघायला प्रत्येकाच्या दुधातून थोडं दूध काढलं जायचं, त्याला सगळे 'सँपल' म्हणायचे. वीस लिटरची किटली असो नाहीतर तांब्याभर दूध, सँपल सगळ्यांचं सारखंच. किटलीवाल्याला त्याचं काही वाटत नसे. पण शेवंताकाकूंची एकुलती एक गाय आटत आली होती. तांब्याभर दूध घेऊन त्या यायच्या, तेव्हा पप्पा माप रेघेच्या खालीच आवरायचे आणि तपासून झालं, की सँपल गुपचूप तांब्यात परत ओतायचे. जुईलीनं एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "अगं, तिचं दूधच केवढं! त्यात आपण सँपल म्हणून अर्धा पेला काढला तर तिच्या पदरात काय पडणार?"

जुईली उठून डॉक्टरांच्या खोलीकडे पळत सुटली.

"डॉक्टर, टिपणीस रेघेच्या वर भरतो!"

डॉक्टर आल्या. त्यांनी नळी उजेडात धरली. मग ती नाजूक काट्यावर ठेवली, तशीच एक रिकामी नळी शेजारी ठेवून वजनातला फरक बघितला. रेघेपर्यंत मावलं असतं त्याच्या जवळजवळ दीडपट रक्त नळीत होतं. पेटीशेजारच्या पडद्यावर मात्र नोंद होती ती रेघेपुरतीच, कारण टिपणीस नळीचं माप सांगायचा, आतलं रक्त मोजायचा नाही.

"टिपणीस," डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "हे वरचं कशासाठी?"

"निवेदन करतो," टिपणीस म्हणाला. "पूर्वी मी मोठ्यांच्या विभागात सेवेत होतो. तेथील सिस्टरांचे हात पाहून मी हे काम शिकलो. नमुना अपुरा पडल्यास प्रयोगशाळा तो परत धाडते. मग रुग्णास पुनश्च टोचावे लागते. बालकास दुःख होते. सबब रेघेवर चार थेंब अधिक घेण्याचा प्रघात आहे."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसल्या. "खरंच आहे तो प्रघात. आमचाच आहे. सगळ्या इस्पितळांतून सगळ्यांचे हात असेच चालतात. वर थोडं असलेलं बरं, म्हणून."

"मोठ्यांना काय फरक पडतो?" पप्पांनी विचारलं.

"काहीच नाही. तुमच्या अंगात पाच लिटर रक्त, म्हणजे घरातली कळशी अर्धी भरेल. आणि याच्या अंगात? टपरीवरचा कटिंग चहाचा ग्लास असतो ना, तेवढ्यात सगळं मावेल. त्या ग्लासातून एक चमचा काढणं म्हणजे तुमच्या अंगातून मोठा पेला भरून काढणं. टोचणी तेवढीच, नळी तेवढीच, पण बाळ तेवढं नाही." त्या जुईलीकडे वळल्या. "आणि यातली खरी गंमत कळली का तुला? रक्त उतरतंय म्हणून आम्ही घाबरलो. घाबरलो म्हणून जास्त वेळा तपासलं. रक्त पुरेसं आहे ना, हे बघायला आपण त्याचं रक्तच काढत होतो!"

टिपणीसच्या डोळ्यांतले निळे दिवे मंद झाले. "माझ्याकडून बालकाची हानी झाली."

जुईलीला त्याची फार दया आली. ती त्याच्या थंडगार हातावर हात ठेवून म्हणाली, "तू त्याला परत टोचायला लागू नये म्हणूनच केलंस ना? आता रेघेपर्यंतच घे. बस्स."

त्या दिवसापासून केंद्राचा कारभार बदलला. पूर्वी सकाळी एका तपासणीला, दुपारी दुसऱ्या तपासणीला टोचायचे. आता ज्या अगदी हव्यातच, तेवढ्याच तपासण्या एका थेंबात उरकायच्या. हिमोग्लोबिन बघायला तर टोचायचंच नाही, असं ठरलं. बाळाच्या पायाला एक मऊ पट्टी बांधली. तिच्यातून हिरवा-तांबडा उजेड कातडीतून आरपार जाई, आणि रक्तानं त्यातला किती उजेड गिळला त्यावरून आत हमाल किती ते कळे. मोठ्या निर्णयाआधी एखादा थेंब घेऊन खात्री करायची, एरवी उजेडावर भागवायचं. हे झालं चौथं भोक बुजवणं.

"आणि बाकीची तीन?" जुईलीनं विचारलं. एव्हाना ती डॉक्टरांच्या मागं मागं शेपटासारखी हिंडत होती.

"हमाल लवकर मोडतात, त्याला इलाज नाही. पण निरोप धाडता येतो आणि शिदोरीही मागाहून पाठवता येते." डॉक्टरांनी एक छोटी बाटली दाखवली. "हे प्रयोगशाळेत बनवलेलं एरिथ्रोपोएटिन. याचं यकृत झोपलंय ना, मग आपणच त्याच्या वतीनं हुकूम सोडायचा. एकेकाळी डॉक्टरांमध्ये यावर पुष्कळ वाद झाले. कुणाला द्यावं, कधी द्यावं, डोळ्यांना काही अपाय तर होणार नाही ना. कितीतरी देशांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं हजारो बाळांचा मागोवा ठेवला, तेव्हा कुठं आम्हाला त्याची वेळ आणि माप कळलं. आणि आईच्या दुधाबरोबर लोहाचे थेंब. नुसता हुकूम सोडून कच्चा माल दिला नाही, तर कारखाना काय माती वापरणार?"

जुईली त्यांच्याकडे बघत राहिली. आपल्याला न बघितलेल्या, न भेटलेल्या कितीतरी माणसांनी आपल्या बाबूसाठी आधीच एवढा विचार करून ठेवलाय, हे तिला फार ग्रेट वाटलं.

आता उरलं वाट पाहणं. औषध आज दिलं आणि उद्या रक्त वाढलं, असं होत नाही. नवी पेशी घडून बाहेर पडायला आठवडा तरी जातोच. पडद्यावर एक तांबडी आडवी रेघ होती. हिमोग्लोबिनचा आकडा तिच्याखाली गेला, की रक्त चढवायचं, असा नियम. आकड्याचं उतरणं मंदावलं होतं, पण थांबलं नव्हतं. तो रेघेच्या जवळ जवळ येत होता. आई पेटीत हात घालून बाळाच्या डोक्यावर तळवा ठेवून बसे आणि पडद्याकडे बघायचं टाळे.

आणि एके दिवशी संध्याकाळी घंटा वाजली.

बाळ श्वास घ्यायचं विसरलं होतं. त्याचे ओठ निळसर पडले. डॉक्टर धावत आल्या, त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं, तळव्याला टिचकी मारली. क्षणभर काहीच झालं नाही. मग बाळानं दचकून श्वास ओढला आणि ओठांवर रंग परतला. जुईलीनं पप्पांचा शर्ट इतका घट्ट धरला होता की बटण तुटून तिच्या हातात आलं.

"ह्ये रक्तापायीच झालं न्हवं?" पप्पांनी विचारलं. "मग चढवा की. आता कशाला थांबायचं?"

"असेल, किंवा नुसतं लहान आहे म्हणूनही असेल," डॉक्टर म्हणाल्या. "आकडा रेघेच्या वर आहे, पण अगदी टेकलाय. मी हट्ट धरून बसणार नाही. रक्ताची पिशवी मागवून ठेवते. फक्त एक गोष्ट आधी बघायचीय, कारखाना जागा झालाय का. जागा झाला असेल तर रक्तात कोवळे हमाल दिसतील, कालपरवा भरती झालेले. दिसले आणि बाळ स्थिर राहिलं, तर थांबू. नाहीतर लगेच चढवू. पण ते बघायला थेंब लागेल. टिपणीस!"

टिपणीस पुढं आला. सुई उचलली आणि त्याचा हात, जो आजवर कधी हलला नव्हता, हवेतच थबकला.

"थेंब घेणे उचित आहे का?" त्यानं विचारलं. विचारलं डॉक्टरांना, पण दिवे वळले होते जुईलीकडे.

याच हातानं बाबूचं रक्त जास्तीचं काढलं होतं आणि याच हातावर आता सगळं अवलंबून होतं. जुईली म्हणाली, "घे. मी बघते रेघ."

टिपणीसनं टोचलं. नळीत रक्त चढू लागलं. जुईली काचेला नाक लावून बघत होती. रक्त रेघेला टेकलं आणि तिथंच थांबलं, केसभरही वर नाही. टिपणीसनं त्याच क्षणी टाचेवर कापूस दाबला.

नमुना तपासणीच्या यंत्रात गेला. डॉक्टर एक डोळा पडद्यावर आणि एक बाळाच्या छातीवर ठेवून उभ्या होत्या. छाती वर-खाली होत होती, न चुकता.

पडद्यावर चित्र उमटलं. सूक्ष्मदर्शकाखालच्या गोल गोल तांबड्या पेशी, आणि त्यांच्यामध्ये निळसर जाळीची नक्षी असलेल्या काही वेगळ्या. एक, दोन, चार, इकडे, तिकडे, कोपऱ्यात. डॉक्टरांनी पेन्सिल काढली आणि एकेकीवर टेकवत गेल्या.

"ही कोवळी. ही कोवळी. हीसुद्धा. अरे, ही बघा, ही तर गर्दी आहे!" त्यांचा आवाज चढला. "जागा झालाय! बाबर, तुमच्या मुलाच्या हाडांतून भरती सुरू झालीय!"

पप्पा भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. आईनं मात्र पहिल्यांदाच मान वर करून पडद्याकडे सरळ बघितलं.

बाळ त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही श्वास विसरलं नाही. आकडा रेघेच्या वरच तरंगत राहिला, मग हलकेच चढू लागला. त्याच्यासाठी राखलेली पिशवी डॉक्टरांनी पेढीला परत केली.

काही आठवड्यांनी बाळ पेटीतून बाहेर आलं आणि आईच्या छातीवर, तिच्या उबेत झोपू लागलं. टिपणीसनं राज्यभरातल्या आपल्या सगळ्या यंत्रमानव बांधवांना नवा नियम कळवला: 'जेवढी गरज, तेवढेच रक्त. आणि रेघेचा मान राखावा.' डॉक्टर मुजावर तर त्याच्याही पुढचा विचार करू लागल्या होत्या. बाळ जन्मल्यावर नाळ कापायची घाई न करता जरा थांबलं, तर नाळेतलं रक्त बाळाकडेच जातं. हे तर आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढं पहिल्या दिवसाच्या तपासण्या मागं उरलेल्या नाळेच्या रक्तातच झाल्या, तर बाळाला सुरुवातीला टोचावंच लागणार नाही. "पुढच्या उतावळ्यांसाठी," त्या म्हणाल्या.

निघायच्या दिवशी त्यांनी जुईलीला जवळ बोलावलं. "हात धुतलेस? मग ये. त्याच्या तळपायावर बोट टेकव. हळू. आता दाब आणि सोड."

जुईलीनं दाबलं. बोटाखालची जागा पांढरी पडली. बोट उचललं, आणि बघता बघता तिथं गुलाबी रंग धावत आला, सगळा तळपाय भरून.

"बघितलंस? मागं चढवलेल्या रक्तातलं आता फारसं काही उरलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे जवळजवळ सगळं त्याचं स्वतःचं आहे."

जुईलीनं पुन्हा बोट टेकवलं. तेवढ्यात झोपमोड झालेल्या साहेबांनी तोंड वाकडं केलं आणि ताईच्या हाताला सणसणीत लाथ घातली.